ऑर्केस्ट्राचा हजेरीपट

दोस्तांनो, राहुरीहून एका नववीतल्या वाचकाचं पत्र आलंय. दादाच्या जुन्या कॉम्प्युटरवर त्यानं संगीत जुळवायचं सॉफ्टवेअर टाकलं, फुकट मिळणारी ऑर्केस्ट्राची लायब्ररी उतरवून घेतली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत एक धून रचली. व्हायोलिन, बासरी, ट्रम्पेट, नगारे, जे जे सापडलं ते ते घातलं. दिवाळीत फाईल पुन्हा उघडली, तर पडद्यावर ‘ट्रॅक १’ ते ‘ट्रॅक ४३’ असे नुसते आकडे! मधेच कोणीतरी बेसूर वाजतंय, पण ते नेमकं कोण, हे काही केल्या सापडेना. त्याला धून पुसून टाकावीशी वाटतेय.

थांब बाबा, पुसू नकोस! तुझी धून बिघडलेली नाही. तुझ्या वर्गात हजेरीपट नाही, एवढंच.

आधी या आभासी वाद्यांचं गुपित समजून घेऊ. खऱ्या वादकांना स्टुडिओत बसवून त्यांचा एकेक सूर ध्वनिमुद्रित केलेला असतो. हळू वाजवलेला वेगळा, जोरात वाजवलेला वेगळा. तुम्ही कीबोर्डची पट्टी दाबली की कॉम्प्युटर त्यातला नेमका सूर काढून ऐकवतो. तुमच्या ट्रॅकमध्ये मात्र आवाज नसतोच बरं का! तिथे असतो फक्त निरोप: कुठली पट्टी, केव्हा, किती वेळ आणि ० ते १२७ पैकी किती जोरानं. या निरोपाच्या भाषेला ‘मिडी’ म्हणतात. ती १९८३ पासून चालत आलीय आणि अजून ठणठणीत आहे. निरोपच असल्यामुळे तो दुसऱ्याच वाद्याला गेला तरी कॉम्प्युटर तक्रार करत नाही. बासरीचा निरोप ट्यूबाला दिलात, तर ट्यूबा बिचारा मुकाट्यानं वाजवतो. म्हणून कोणता निरोप कोणाचा, हे लिहून ठेवायचं काम तुमचं.

आता जरा ‘सैराट’कडे वळू. दिग्दर्शक नागराज मंजुळे हे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. म्हणजे आपल्या कर्जत-जामखेडच्या शिवेपलीकडचे. ते शिकायला आपल्या नगरला होते. अहिल्यानगर हे नाव नंतरचं, तेव्हा अहमदनगरच होतं. न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात त्यांनी संज्ञापनशास्त्राचा अभ्यास केला. त्या काळात केलेल्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘सैराट’ आला २०१६ च्या एप्रिलमध्ये. त्याचं संगीत अजय-अतुल यांचं, हे तुम्हाला सांगायला नकोच. पण त्यातला ऑर्केस्ट्रा कुठे वाजला, ठाऊक आहे? थेट अमेरिकेत, लॉस एंजेलिसजवळच्या सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर. साठाहून अधिक वादक तिथे एकत्र बसून वाजवत होते.

त्यांच्या जागी स्वतःला बसवून बघा. समोरच्या वादकाला करमाळा कुठे आहे, माहीत नाही. मराठीचा एक शब्द येत नाही. शिवाय अशा स्टुडिओतल्या वादकांच्या हाती आपला कागद बहुधा त्याच दिवशी पडतो. मग त्याला उसातल्या, विहिरीतल्या त्या गोष्टीचा सूर कसा सापडला? कागदावरून. त्याच्या कागदावर त्याची एकट्याची ओळ होती. कुठे सुरू करायचं, कुठे थांबायचं, कुठे हळू व्हायचं, सगळं स्वच्छ लिहिलेलं. हल्ली बरेच संगीतकार खऱ्या वादकांपुढे जाण्याआधी कॉम्प्युटरवर कच्चं गाणं करून बघतात. तिथे गोंधळ असेल तर तोच गोंधळ कागदावर उतरतो, आणि साठ माणसं घड्याळाकडे बघत बसून राहतात.

तेव्हा आपण हजेरीपट मांडू या. ऑर्केस्ट्राच्या संचालकापुढे जो मोठा कागद असतो, त्यावर वाद्यांचा क्रम ठरलेला असतो. तोच आपण उचलायचा. सगळ्यात वर फुंकीची लाकडी घराण्यातली वाद्यं: बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून. (बासरी आता धातूची झालीय, पण घराणं सुटलेलं नाही!) त्याखाली पितळी वाद्यं: हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा. लग्नाच्या वरातीत बँडवाले वाजवतात, त्यांचेच हे भाऊबंद. मग तालवाद्यं, मग हार्प. आणि सगळ्यात खाली तंतुवाद्यांची पलटण: पहिली व्हायोलिनं, दुसरी व्हायोलिनं, व्हायोला, चेलो, डबल बास. प्रत्येक घराण्यात उंच आवाजाचा वर आणि खर्जातला खाली. अपवाद एकटा हॉर्न. ट्रम्पेटपेक्षा खालचा असूनही तो वर बसतो, कारण लाकडी घराण्याशी त्याचं फार जमतं असं सांगतात.

प्रत्येक घराण्याचा एक फोल्डर करा नि त्याला एक रंग द्या. रंग कोणताही चालेल, पण पुढच्या गाण्यात बदलू नका.

आता खरी मेख ऐका. एका ट्रॅकमागे कोणीतरी माणूस बसलाय, असं समजून वागायचं. समजा, ‘पहिली व्हायोलिनं’ या ट्रॅकमधला आवाज १६ वादकांचा आहे. तुम्ही त्यावर तीन पट्ट्या एकदम दाबल्या. काय झालं? प्रत्येक सुराला १६, म्हणजे ४८ व्हायोलिनं झाली! ‘सैराट’साठी सगळी वाद्यं मिळून जेवढी माणसं जमली होती, त्यातली बरीचशी तुम्ही एका पट्टीवर खर्च केलीत. ऐकताना ते भारदस्त वाटतं, म्हणूनच फसायला होतं. तेच तीन सूर वाटून द्या. वरचा पहिल्या व्हायोलिनांना, मधला दुसऱ्यांना, खालचा व्हायोलाला. लगेच सूर वेगवेगळे ऐकू येतील आणि चिखल नाहीसा होईल. राहुरीच्या दोस्ता, तुझा बेसूर वाजणारा गडी बहुतेक अशाच एखाद्या जुडग्यात लपलाय. एकेका ट्रॅकचं ‘सोलो’ बटण दाबत जा, सापडेल.

माणूस म्हटला की त्याला श्वास लागतो. बासरीवाल्याला सलग चाळीस सेकंद एकच सूर देऊ नका, मधे फट ठेवा. माणूस म्हटला की त्याच्या वाद्याला मर्यादाही असते. व्हायोलिनची सगळ्यात खालची तार म्हणजे मधल्या ‘सी’च्या खालचा ‘जी’. त्याखाली व्हायोलिन उतरतच नाही. चेलो मात्र मधल्या ‘सी’च्या दोन सप्तकं खाली जातो. मर्यादेबाहेर गेलात तर काही लायब्ररी गप्प बसतात, काही सूर ताणून वाजवून दाखवतात. दुसऱ्या जास्त धोक्याच्या! म्हणून ट्रॅकच्या टिपणीत वाद्याचा खालचा आणि वरचा सूर लिहून ठेवा.

व्हायोलिन गजानं लांब वाजवता येतं, तुटक वाजवता येतं, बोटानं छेडताही येतं. सुरुवातीला या तिन्हींचे तीन वेगळे ट्रॅक करा. नावं अशी: ‘व्हायोलिन १ लांब’, ‘व्हायोलिन १ तुटक’, ‘व्हायोलिन १ छेड’. एका ट्रॅकमध्ये खास पट्टी दाबून तऱ्हा बदलायचीही सोय असते. ती सरावानं येईल, घाई नको. जुना कॉम्प्युटर एवढ्या ट्रॅकनी दमला, अडखळायला लागला, तर झालेला ट्रॅक ‘फ्रीझ’ करा. म्हणजे तो तात्पुरता साधा आवाज बनतो आणि मेमरी मोकळी होते.

एवढं सगळं मांडून झालं, की हजेरीपटात एक नाव नाही, हे तुमच्या ध्यानात येईल. आपली हलगी कुठंय? संबळ कुठंय? लंडनच्या स्टुडिओत मुद्रित झालेल्या लायब्ररीत टिंपनी असते, घंटा असतात, साधी त्रिकोणी सळईसुद्धा असते. आपल्या जत्रेत जी कडाडते, ती हलगी फुकटच्या ऑर्केस्ट्रा लायब्ररीत सहसा भेटायची नाही. मग पुष्कळ जण एखादा परदेशी ढोल घेतात आणि ‘चालतंय की’ म्हणतात. मला हे पटत नाही. ज्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या हलगी वाजवली, त्यांना गावानं वाजवायला बोलावलं, पण पंगतीत बसवलं नाही. निदान आपल्या ऑर्केस्ट्रात तरी त्यांची ओळ असावी.

हे काम अवघड नाही. गावातल्या हलगीवाल्या काकांना आधी रीतसर विचारा, कशासाठी हवंय तेही सांगा. ते हलगी जाळावर शेकून घेतील. कातडं तापलं की आवाज चढतो. भिंतींपासून लांब, मोकळ्या जागेत, वारा नसताना मोबाईलवर मुद्रण करा. मोबाईल तीन-चार हात लांब ठेवा, अगदी जवळ धरला तर आवाज फाटतो. प्रत्येक ठोका हळू, मध्यम आणि जोरात वाजवून घ्या, आणि तेही पाच-सहा वेळा. एवढे कशाला? कारण माणसाचे दोन ठोके कधीच हुबेहूब सारखे नसतात. एकच ठोका पुन्हा पुन्हा वाजला, की हलगीची शिलाई मशीन होते! हे तुकडे सॉफ्टवेअरमधल्या ‘सॅम्पलर’मध्ये भरा, एकेका पट्टीला एकेक ठोका. झालं तुमचं आभासी वाद्य तयार.

त्याची जागा पितळी वाद्यांच्या खाली आणि तंतुवाद्यांच्या वर, टिंपनीच्या शेजारी. नाव ‘पर्कशन ७’ असलं काहीतरी देऊ नका. ‘हलगी’ लिहा, आणि टिपणीत वाजवणाऱ्या काकांचं नाव. धून कोणाला ऐकवाल तेव्हा तेही नाव सांगा.

आता हा रिकामा हजेरीपट ‘टेम्प्लेट’ म्हणून जपून ठेवा, म्हणजे पुढच्या गाण्याला सगळे वादक आधीच जागेवर बसलेले मिळतील. रोजच्या फाईलच्या नावात तारीख घाला आणि एक प्रत पेनड्राइव्हवर काढा. वीज कधी जाईल, याचा नेम नाही. राहुरीकर, तुझे ४३ ट्रॅक एका रविवारी बसून नावानिशी लाव आणि बेसूर कोण निघाला ते कळव. माझा संशय दुसऱ्या क्लॅरिनेटवर आहे.