दारात जीप, आजी वडापमध्ये

मेकॅनिकलच्या मुलानं गाडी विकण्याच्या बाजूनं लेख लिहायचा म्हणजे खाटकानं श्रावणाचं महत्त्व सांगण्यासारखं आहे, हे मला मान्य आहे. सी ब्लॉकच्या दुसऱ्या मजल्यावर गेले पंधरा दिवस माझ्याशी कोणी धड बोलत नाही. मेसमध्ये ताट घेऊन बसलो की समोरून प्रश्न येतोच, "काय रे, विकली का?" आणि सूर असा, की जणू मी किडनी विकायला काढलीय. तेव्हा सगळ्यांना एकदाच उत्तर द्यावं म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रकरण असं आहे. आजरा तालुक्यात आमच्या घरी २०१२ सालची थार आहे. अडीच लिटरचं डिझेल इंजिन, चार-बाय-चार, वर कापडी हूड. गावात तिला थार कोणी म्हणत नाही, सगळे जीपच म्हणतात. त्यात काही चूक नाही, महिंद्रानं १९४७ साली विलीज जीप जोडायला घेतल्या, त्याच वंशातली ही. आण्णांनी (माझे वडील) ती हौसेपोटी घेतली नव्हती. आमचं शेत गावापासून अडीच किलोमीटर आत आहे. आमच्याकडचा पाऊस ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, आंबोली आमच्यापासून फार लांब नाही. जून ते सप्टेंबर पाणंदीत गुडघाभर चिखल. खताची पोती डोक्यावरून न्यायची, आणि कापणीच्या वेळी घनसाळ भात तसाच डोक्यावरून आणायचा. जीप आली आणि हे बंद झालं. ट्रान्सफर केसचा लिव्हर फोर-लोला टाकला की चाकावरचा टॉर्क साधारण अडीच पट होतो आणि वेग तेवढाच पडतो. बैलाच्या चालीनं गाडी चिखलातून बाहेर! पहिली पाच-सहा वर्षं तिनं घर चालवलं म्हटलं तरी चालेल. माझी पहिल्या वर्षाची फीसुद्धा त्याच शेतातून आली.

मग २०२२ साली पाणंदीवर खडी पडली, रोलर फिरला. आता भर जुलैतही शेतापर्यंत हीरो होंडा जाते. आण्णा तिच्यावरूनच जातात. जीप गोठ्याशेजारी पत्र्याखाली उभी असते.

आण्णा सोसायटीच्या फुकट मिळालेल्या डायरीत डिझेल, किलोमीटर, पंक्चर सगळं लिहितात. दिवाळीच्या सुट्टीत ती डायरी घेऊन बसलो. गेल्या वर्षभरात गाडी ११४० किलोमीटर चालली. इतकं अंतर आपल्या ब्लॉकमधली काही मंडळी एका महिन्यात चहासाठी जाऊन-येऊन काढतात. आता खर्च बघा. विमा ११ हजार. सर्व्हिसिंग ९ हजार. किरकोळ दुरुस्ती ६ हजार. बॅटरी आणि टायर दरवर्षी लागत नाहीत, पण त्यांचा वर्षाचा वाटा काढला तर आणखी ९ हजार. झाले ३५ हजार. गडहिंग्लजच्या एजंटनं गाडीची किंमत ४ लाख सांगितलीय. तेच पैसे साडेसहा टक्क्यांनी बँकेत टाकले असते तर २६ हजार व्याज आलं असतं. म्हणजे डिझेलचा एक थेंबही न जाळता ६१ हजार. भागा ११४० नं. किलोमीटरला साडेत्रेपन्न रुपये, त्यावर डिझेलचे साडेसात. एकसष्ट रुपयांनी एक किलोमीटर! या दरात पुण्यातली वातानुकूलित टॅक्सी ड्रायव्हरसकट आमच्या दारात उभी राहील.

इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्सच्या सरांनी संक कॉस्ट शिकवली तेव्हा निम्मा वर्ग झोपला होता. जागे होते त्यांच्यासाठी सांगतो, २०१२ साली आण्णांनी किती पैसे मोजले याचा आजच्या निर्णयाशी काही संबंध नाही. ते पैसे वसूल झाले आणि चिखलात जिरलेही.

आता मित्रांचे मुद्दे. पहिला मुद्दा गोव्याचा. "विकण्याआधी एकदा तरी बीचवर काढू." अरे, तिथं किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे, आणि खारं पाणी चॅसिसला काय करतं हे मटेरियल सायन्सला केटी लागलेल्यालाही सांगायला नको. हा मुद्दा निकालात.

दुसरा मुद्दा आमच्या इलेक्ट्रिकलच्या रूममेटचा, आणि तो वजनदार आहे. तो म्हणतो, "हॉस्टेलचा जनरेटर वर्षातून किती तास चालतो? म्हणून काय रेक्टर तो विकतात? स्टँडबाय यंत्र कमी वापरलं जातं म्हणूनच ते स्टँडबाय असतं." त्याला म्हटलं, बरोबर. पण स्टँडबायला दोन अटी असतात. एक, हाक मारल्यावर ते सुरू व्हायला हवं. जनरेटर अधूनमधून चालवून बघतात, त्याचं तेल बघतात, नोंद ठेवतात. आमची जीप नुसती उभी असते. उभ्या गाडीची बॅटरी आपोआप उतरते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, म्हणजे घाटात ज्या क्षणी ब्रेक हवा त्याच क्षणी तो दगा देऊ शकतो. अर्ध्या रिकाम्या डिझेलच्या टाकीत पाणी धरतं. टायरची नक्षी नवी दिसते, पण रबर आतून वाळत जातं. (टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आज संध्याकाळी आपापल्या बाइकचे वाचून या, झोप उडेल.) शिवाय उंदीर. वायरिंगचं इन्सुलेशन त्यांना शेंगदाण्याच्या चटणीसारखं लागतं की काय कोण जाणे.

दुसरी अट अशी की त्या लोडला दुसरा फीडर नसला पाहिजे. आमच्या गल्लीत आज चार ट्रॅक्टर आहेत. चिखलात काही ओढायचं असेल तर चुलत्यांचा ट्रॅक्टर डिझेल भरून मिळतो. २०१२ मध्ये ही सोय नव्हती, म्हणून तेव्हा जीप घेणं शहाणपणाचं होतं. आता सोय आहे.

एक तांत्रिक गंमतही सांगून टाकतो. या गाडीचं चार-बाय-चार 'पार्ट-टाइम' आहे, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये सेंटर डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. चिखलात चाकं घसरून तो फरक भरून काढतात, कोरड्या डांबरावर मात्र घसरायला जागाच नसते आणि सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो. म्हणून डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावायचंच नसतं. म्हणजे रस्ता चांगला झाला त्या दिवसापासून आम्ही पुढचं डिफरन्शियल, पुढचा शाफ्ट आणि ट्रान्सफर केस ही सगळी लोखंडी मंडळी पाहुण्यासारखी बसवून फिरवतोय.

तिसरा मुद्दा महापुराचा. हा आण्णांचा आहे, म्हणून त्याला हसण्यावारी नेता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत काय झालं ते इथल्या अर्ध्या हॉस्टेलनं डोळ्यांनी पाहिलंय. पुणे-बंगळूर हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली होता. आमच्याकडेही ओढे रस्त्यावर आले होते, आणि त्या आठवड्यात आण्णांनी जीपमधून दुधाचे कॅन नेले, औषधं आणली, दोन घरच्या म्हाताऱ्यांना वरच्या वाडीला पोचवलं. गाव ते विसरलेलं नाही. मीही नाही. पण म्हणून जीप पुरात चालते असं म्हणणं धोक्याचं आहे. ती चिखलात, खड्ड्यांत, साचलेल्या उथळ पाण्यात चालते. वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, वेग दुप्पट तर जोर चौपट. आणि पाणी गाडीच्या तळाला टेकलं की आर्किमिडीज कामाला लागतो. चार मीटर बाय दीड मीटरचा तळ धरा. पाणी आत शिरेपर्यंत दर दहा सेंटिमीटरला सहाशे किलोचा उचल. पावणेदोन टनाची गाडी किती सेंटिमीटरला तरंगू लागेल याचं गणित पहिल्या वर्षाच्या मुलालाही येईल. चाकावरचं वजन गेलं की चारही चाकं फिरून उपयोग शून्य. आण्णांनी तेव्हा एकदाही वाहत्या ओढ्यात गाडी घातली नाही, म्हणून ते आणि गाडी दोघंही शाबूत राहिले. त्यांची अक्कल गाडीबरोबर विकली जाणार नाहीये.

आता खरी गोष्ट. माझ्या आजीच्या डोळ्यांवर गडहिंग्लजला उपचार चालू आहेत. महिन्यातून एकदा, कधी दोनदा जावं लागतं. ती जीपमध्ये चढू शकत नाही. चिखलासाठी उंच केलेली गाडी गुडघे गेलेल्या बाईला उंचच पडणार, त्यात त्या गाडीचा दोष नाही. स्टूल ठेवून बघितलं, दोघांनी धरून बघितलं. मागची सीट आडवी, पाठीमागे पाटे स्प्रिंग, घरी येईपर्यंत तिची कंबर धरते. आणि आण्णांना सवड नसेल तर प्रश्नच मिटला, कारण घरात ती गाडी दुसरं कोणी चालवत नाही. आईनं गेल्या वर्षी मामाच्या छोट्या गाडीवर शिकून लायसन काढलं, पण जीपचा क्लच आणि स्टेअरिंग तिला झेपत नाही. मग दोघी सकाळी फाट्यावर जाऊन वडापची वाट बघतात. चार लाखांची गाडी दारात, आणि म्हातारी दहाजणांच्या वडापमध्ये दाराशी टेकून! मला आवडतं म्हणून, मित्रांना आवडतं म्हणून, स्टेटसला फोटो चांगला येतो म्हणून हे असंच चालू द्यायचं?

माझं मत असं, की जीप द्यावी आणि त्याच पैशात पाच-सात वर्षं वापरलेली वॅगन आरसारखी गाडी घ्यावी. सीटची उंची अशी की आजी कोणी न उचलता बसेल. ग्राउंड क्लिअरन्स जीपचा २०० मिलिमीटर, हिचा १६५. खडीच्या पाणंदीला पुष्कळ झाला. मुख्य म्हणजे आई चालवेल. नव्या गाडीच्या वाटेला जाऊ नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला हे खरं, पण त्यासाठी कर्ज काढलं तर या सगळ्या गणिताला अर्थ उरणार नाही.

एक तोटा मी लपवत नाही. एकदा विकली की परत घेता येणार नाही. नवी चार-बाय-चार आज दहा लाखांच्या बरीच पुढे जाते, आपल्या पहिल्या पॅकेजमध्ये ती बसत नाही (ज्यांचं बसेल त्यांनी पार्टी द्यावी). पण थांबण्यालाही किंमत आहे. २०२७ मध्ये गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होतील. मग पुन्हा नोंदणी, तपासणी, पर्यावरण कर. नोंदणीची फी २०२२ च्या एप्रिलपासूनच ६०० ची ५००० झालीय. कागद संपत आलेल्या गाडीला गिऱ्हाईक भाव पाडून मागतं. तेव्हा द्यायची तर आत्ता.

आणि देताना नीट द्यावी. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, राज्यातल्या राज्यात १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवणं, आणि आरसीवर नवं नाव चढलेलं डोळ्यांनी बघणं. एजंट म्हणतो, "कोऱ्या फॉर्मवर सही करून द्या, बाकी आम्ही बघतो." अजिबात द्यायची नाही. गाडी कोणाच्याही ताब्यात असो, अपघात झाला तर कागदावरचा मालकच जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय. हॉस्टेलमध्ये पासआउट सीनिअरच्या नावावरच्या ज्या बाइक तीन पिढ्या फिरतायत, त्यांच्या मालकांनीही हे वाक्य दोनदा वाचावं. नो-क्लेम बोनस मात्र गाडीबरोबर जात नाही. तो मालकाचा, नव्या गाडीच्या विम्यात लावून घ्यायचा.

सध्या दोन गिऱ्हाइकं आहेत. एक पुण्याचं, मोठे टायर आणि लाइटा लावून वीकेंडला फिरवणार, वीस हजार जास्त देतंय. दुसरं राधानगरीकडचं, जंगलाकडेच्या वाड्यांवरून दूध गोळा करतं, त्याच्या रस्त्यावर अजून खडी पडलेली नाही. माझं मत दुसऱ्याच्या बाजूनं आहे. वीस हजारांचं काय करायचं त्यावर घरात वाद चालू आहे.

आण्णांनी अजून हो म्हटलेलं नाही. एकसष्ट रुपयांचा हिशेब त्यांनी दोनदा तपासला, बेरजेत चूक सापडली नाही, तेव्हा म्हणाले, "इकायची म्हणतोस, पण लावणीच्या दिवसात खत कशातनं नेऊ?" परवा फोनवर विचारत होते, वॅगन आरच्या डिकीत युरियाची किती पोती बसतात. मी म्हटलं, पोतं आता पंचेचाळीस किलोचं आहे, सीट पाडून चार बसतील.

"मोजून सांगतोस का अंदाजानं?"

वर्कशॉपच्या एका सरांकडे वॅगन आर आहे. रविवारी टेप घेऊन त्यांच्याकडे चाललोय.