बोअर खाली मारून झाले, आता थोडा आडवा विचार करू

फेब्रुवारी संपला की आपल्याकडे तीन गोष्टी हमखास दिसतात. रस्त्याने धडधडत जाणाऱ्या बोअरच्या गाड्या, हातावर नारळ उभा करून रानात फिरणारे पाणाडे, आणि पारावर एकच प्रश्न : "किती फुटाला लागलं?"

कुणी सांगतं 300, कुणी 500. कुणाचा नुसता फुफाटा निघालेला असतो. त्याचं कर्ज वर्षानुवर्षं फिटत नाही, आणि पुढच्या वर्षी तोच माणूस दुसऱ्या कोपऱ्यात गाडी लावतो. त्याला हसायचं कारण नाही. डोळ्यांदेखत बाग वाळत असली की कुणीही हेच करेल. पण अख्खा तालुका तेच करतो, तेव्हा हा एकट्या शेतकऱ्याच्या नशिबाचा मामला राहत नाही.

एडवर्ड डी बोनो नावाचा माल्टा देशाचा एक डॉक्टर होता. 1967 साली त्याने ‘लॅटरल थिंकिंग’ हा शब्द आणला. आपण त्याला आडवा विचार म्हणू. त्याचं म्हणणं साधं होतं. बहुतेक हुशार माणसं एकच खड्डा जास्तीत जास्त खोल खणत बसतात, कारण तोवर त्यावर मेहनत झालेली असते, पैसा गेलेला असतो. पण खड्डा चुकीच्या जागी असेल तर खोली वाढवून काय उपयोग? जागाच बदलायला हवी.

त्याने ही उपमा म्हणून सांगितलं. आपल्याकडे ते शब्दशः चालू आहे!

आता ‘आडवा विचार’ म्हटलं की लोकांना जुगाड आठवतो, नाहीतर कंपन्यांच्या कार्यशाळेतले रंगीत कागद. दोन्ही सोडा. आडवा विचार म्हणजे उत्तर शोधायच्या आधी प्रश्न तपासणं. आपण गेली 40-50 वर्षं विचारतोय, "पाणी कुठून आणायचं?" या प्रश्नाला उत्तरं ठरलेली : आणखी खोल बोअर, आणखी लांबची पाइपलाइन, आणखी टँकर. 2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेही याच प्रश्नाचं उत्तर होतं. लोक तहानलेले होते, गाडी न्यायलाच हवी होती. पण ज्या जिल्ह्यात प्यायचं पाणी रेल्वेने येतं तिथे उसाचं काय करायचं, हा प्रश्न गाडी गेल्यावर किती दिवस टिकला?

पुरंदर तालुक्यातल्या नायगावचं उदाहरण बघा. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे नावाचे इंजिनिअर-उद्योजक तिथे गेले. देवस्थानची उजाड माळाची जमीन घेतली, बांधबंदिस्ती केली, पाणी अडवलं. इथपर्यंत बऱ्याच जणांनी केलंय. पुढचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी विचारलं, पाणी जमिनीला द्यायचं की माणसाला?

पाणी जमिनीला दिलं तर 20 एकरवाल्याला भरपूर आणि दोन एकरवाल्याला थेंब. म्हणून पाणी पंचायतीने वाटप माणशी ठेवलं. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढं, आणि कुटुंब कितीही मोठं असलं तरी जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. ऊस आणि बारमाही पिकं बंद. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जाणार नाही. आणि ज्याच्याकडे गुंठाभरही जमीन नाही, त्या भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. योजनेचा 20 टक्के खर्च लाभधारकांनी स्वतः उभा करायचा, म्हणजे फुकटचं काही नाही.

यात नवीन यंत्र कुठलं होतं? एकही नाही. पंप जुनेच, पाइपही जुनेच. फक्त ‘पाणी कुणाचं’ हा प्रश्न नव्याने विचारला, आणि गावातल्या माणसांचे एकमेकांशी असलेले हिशेब बदलले. पाणी पंचायतीच्या सगळ्या योजना टिकल्या नाहीत, काही बंदही पडल्या. तरी तो प्रश्न आजही तितकाच ताजा आहे.

दुसरं गाव सर्वांना माहीत असलेलं, हिवरे बाजार. नगर तालुका, पाऊस सरासरी 400 मिलिमीटरच्या आसपास. तिथल्या चराई-बंदीच्या आणि कुऱ्हाडबंदीच्या गोष्टी आपण भाषणात ऐकतो, बस भरून पाहायलाही जातो. पण तिथला खरा आडवा विचार पाहून येतो का? तिथे शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे. ऊस आणि केळी नाही. दरवर्षी पावसाळा संपला की झालेल्या पावसाचा हिशेब ग्रामसभेत मांडतात. आधी माणसं आणि जनावरं, मग शिल्लक पाण्यात बसतील ती पिकं. पाऊस कमी झाला तर उन्हाळी पीक नाही. म्हणजे पिकाला लागेल तेवढं पाणी शोधत फिरायचं नाही, असेल त्या पाण्याला परवडेल ते पीक घ्यायचं. वाक्य उलटं केलं आणि गाव सावरलं.

हा हिशेब आपणही करून बघू. एका एकरावर 400 मिलिमीटर पाऊस पडला तर ते साधारण 16 लाख लिटर पाणी झालं. 10 हजार लिटरचे 160 टँकर! ऐकायला खूप वाटतं. पण उसाला मोकाट पाणी दिलं तर वर्षाला 2000 मिलिमीटरच्या आसपास सहज लागतं, म्हणजे एकरी 80 लाख लिटर. पाच एकरांवर पडलेला सगळा पाऊस, एक थेंबही वाहून न जाता, वाफ न होता साठवला, तर एक एकर ऊस भागतो. उरलेल्या चार एकरांचे मालक कोण? तुम्ही-आम्हीच ना?

राज्यातल्या एकूण पीकक्षेत्रात उसाचा वाटा 4 टक्क्यांच्या आसपास, आणि तो सिंचनाचं जवळपास 70 टक्के पाणी पितो, हे केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाने सांगून झालंय. यात ऊस लावणाऱ्याला शिव्या घालून काही होणार नाही. त्याला ठरलेला भाव, घेणारा कारखाना आणि पिकावर कर्ज मिळतं. तुरीला आणि ज्वारीला ही हमी मिळाली तर तोही विचार करेल. म्हणून इथेही प्रश्न बदलायला हवा. "शेतकरी ऊस का सोडत नाही?" याऐवजी "बाकीची पिकं त्याला का परवडत नाहीत?" असं विचारा. उत्तर बांधावर सापडणार नाही, ते मुंबई-दिल्लीत सापडेल.

आता कुणी म्हणेल, माझ्या रानात मी काय लावायचं, किती फूट जायचं, हे ठरवणारं गाव कोण? प्रश्न रास्त आहे. पण खालची रचना बघा. महाराष्ट्राचा 80 टक्क्यांच्या आसपास भाग बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा. यात पाणी मुरतं ते मुख्यतः वरच्या मुरमाड, झिजलेल्या थरात आणि भेगांत. खोल गेलं की अखंड खडक. तिथे तळी साठलेली नाहीत. खोल बोअरला लागतं ते बऱ्याचदा शेजाऱ्याच्या विहिरीचंच पाणी असतं, किंवा कैक वर्षांत भेगांत साठलेलं, जे दोन हंगामांत संपतं. सातबारा जमिनीचा असतो. पाण्याचा सातबारा अजून कुणाच्या नावावर निघालेला नाही. राज्याच्या भूजल कायद्यात 60 मीटरपेक्षा, म्हणजे साधारण 200 फुटांपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत. तरी 500 आणि 700 फुटांच्या गप्पा उघडपणे होतात. यातच सगळं आलं.

आणि नवीन वस्तू आली की नवीन विचार आला, हाही गैरसमज काढून टाकू. शेततळं चांगली कल्पना होती. पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायचं, खंड पडला की एखादं पाणी द्यायचं. प्रत्यक्षात काय झालं? बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकचा कागद अंथरून मोठमोठी तळी झाली आणि ती बोअरच्या पाण्याने भरली. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वर आणून उन्हात ठेवलं, त्यातलं किती वाफ होऊन गेलं त्याचा हिशेब नाही. साधन नवं, सरकारी अनुदान नवं, प्रश्न मात्र जुनाच : मला जास्त कसं मिळेल?

याउलट गडचिरोलीत बघा. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या दाईला बाळाचा न्यूमोनिया ओळखायला शिकवायचं ठरवलं. मिनिटाला किती श्वास ते मोजावं लागतं, आणि तिला मोठे आकडे मोजता येत नव्हते. सरळ विचार म्हणाला असता, आधी तिला शिकवा, नाहीतर शिकलेली बाई आणा. त्यांनी मण्यांची साधी चौकट केली : दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि मिनिटाची वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर धोका. त्यांनी दाईला नापास केलं नाही, परीक्षा बदलली. असा विचार शाळेत, पंचायतीत, सरकारी कचेरीत किती ठिकाणी करता येईल!

तर आता मागणी काय? मोठी नाही. अटल भूजल योजनेत राज्यातल्या 13 जिल्ह्यांत गावोगाव पाण्याचे ताळेबंद मांडले गेलेत. काही पंचायतींच्या भिंतीवर ते रंगवलेलेही आहेत, फक्त वाचत कुणी नाही. यंदा 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तेवढा एकच विषय घ्या. पाऊस किती झाला, विहिरींची पातळी किती, पिण्याला जूनपर्यंत किती लागेल, उरलं ते कुणाला आणि कशाला? ज्याच्या नावावर जमीन नाही त्याला, आणि हंडा घेऊन लांब जाते त्या बाईला आधी बोलू द्या. त्यांचा प्रश्न बागायतदारापेक्षा वेगळा असतो, आणि वेगळा प्रश्नच आपल्याला हवाय.

विहिरीचं पाणी आटलं की आपण तिच्या पोटात आडवे बोअर मारतो. तसा एखादा ग्रामसभेतही मारून बघू, त्याला डिझेल लागत नाही.

तुमच्या गावात या वर्षी किती नवे बोअर झाले आणि किती फुटाला गेले? कॉमेंटमध्ये लिहा. गावाचं नाव नाही लिहिलं तरी चालेल, आकडा मात्र खरा लिहा.