वस्तीवरचा बिबट्या : पिंजऱ्याआधी गोठा

पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले व संगमनेर या तालुक्यांत बिबट्या हा आता केवळ डोंगरातील प्राणी राहिलेला नाही. धरणे झाली, कालव्यांचे पाणी शिवारात फिरले आणि जेथे पूर्वी कोरडवाहू बाजरी होत असे तेथे ऊस उभा राहिला. उसाच्या दाट फडात बिबट्याला सावली, पाणी व आडोसा या तिन्ही गोष्टी मिळतात. मादी तेथेच पिल्ले घालते. अशा पिल्लाला डोंगर ठाऊकच नसतो. उसाचा फड हेच त्याचे रान होय. आणि फड जेथे संपतो, तेथे बहुधा शेतकऱ्याची वस्ती सुरू होते.

वस्तीवरील शेळी रात्रीतून नाहीशी झाली की दुसऱ्या दिवशी पिंजऱ्याची मागणी होते. ही मागणी अस्वाभाविक नाही. 2025 सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसांचे प्राण गेले. त्यांत लहान मुलेही होती. ज्या घरावर असा प्रसंग ओढवतो, त्या घराला धीर धरण्याचा उपदेश करणे योग्य नव्हे. माणसावर हल्ला करणाऱ्या बिबट्याचा बंदोबस्त वन विभागाने तत्काळ केलाच पाहिजे, याविषयी दुमत असू शकत नाही. परंतु नुसता दिसलेला किंवा शेळी नेलेला प्रत्येक बिबट्या पकडून दूर सोडला म्हणजे वस्ती निर्धोक होते, ही समजूत मात्र अनुभवाला उतरलेली नाही.

हा अनुभव जुन्नर भागानेच घेतलेला आहे. 2001 पासून तेथे बिबट्ये मोठ्या संख्येने पकडून सरासरी सुमारे 40 किलोमीटर दूर असलेल्या जंगलांत सोडण्यात आले. वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपायाचा अभ्यास करून 2011 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बिबट्ये हलविण्यापूर्वीच्या वर्षांत माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत असत. हलविण्यास सुरुवात झाल्यानंतर, 2001 ते 2003 या काळात, ती सरासरी 17 वर गेली. हल्ल्यांपैकी प्राणघातक ठरणाऱ्यांचे प्रमाणही 18 टक्क्यांवरून 36 टक्क्यांवर गेले. ज्या उपायाने भय कमी व्हावयाचे, त्याच उपायाच्या मागोमाग ते वाढले.

याची कारणे समजण्यास कठीण नाहीत. बिबट्या आपापला इलाखा धरून राहतो. एक उचलला की मोकळी झालेली जागा दुसरा घेतो, आणि गोठा पूर्वीसारखाच उघडा असेल तर त्या दुसऱ्यालाही तेथे तेच भक्ष्य सापडते. दुसरीकडे, पकडलेले जनावर पिंजऱ्यात घाबरते, जखमी होते आणि अनोळखी मुलखात सोडले जाते. तेथे त्याला ना पाण्याची जागा ठाऊक, ना आडोशाची. शिवाय सोडलेल्या ठिकाणी ते राहीलच असे नाही. 2009 साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका नर बिबट्याला बाहेर काढून, गळ्यात माग काढणारा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. ‘आजोबा’ या नावाने पुढे प्रसिद्ध झालेला हा बिबट्या सुमारे 120 किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. वाटेत त्याने कोणा माणसाला इजा केली नाही. परंतु बिबट्याला दूर नेऊन सोडणे म्हणजे त्याला एका जागी बांधून ठेवणे नव्हे, एवढे यावरून स्पष्ट झाले.

मग बिबट्या वस्तीवर येतो तरी कशासाठी? याचे उत्तर अकोले परिसरातील अभ्यासाने 2014 मध्ये दिले. बिबट्याच्या विष्ठेच्या तपासणीत असे आढळले की, त्याच्या एकूण भक्ष्याच्या वजनापैकी 87 टक्के वाटा गावातील व पाळीव प्राण्यांचा होता, आणि त्यांतही एकट्या कुत्र्यांचा वाटा 39 टक्के होता. अर्थात बिबट्याला वस्तीकडे ओढणारी वस्तू वस्तीनेच परसात ठेवलेली असते. मोकाट कुत्री उकिरड्यावर जमतात; उकिरड्यावर मेलेल्या कोंबड्या, आतडी व उष्टे-खरकटे पडलेले असते. कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो, आणि कुत्रे हाती लागले नाही तर उघड्या वाडग्यातील शेळी त्याला आयतीच मिळते.

म्हणून पिंजऱ्याआधी गोठ्याचा विचार झाला पाहिजे. काट्यांचे कुंपण घातलेले, वर छप्पर नसलेले वाडगे बिबट्याला अडवीत नाही. तो उत्तम उडी मारतो आणि भिंतीवर व झाडावर सहज चढतो. गोठ्याला चारही बाजूंनी भिंत किंवा मजबूत जाळी हवी, वर पक्के छप्पर हवे, आणि दार आतून-बाहेरून हलणार नाही असे कडीबंद हवे. भिंत व छप्पर यांमधील फट तशीच ठेवणे ही नेहमी आढळणारी चूक होय. तेथेही जाळी ठोकावी. राखणीचे कुत्रेही रात्री उघड्यावर साखळीने बांधू नये. मेलेल्या कोंबड्या व जनावरांचे अवशेष खोल खड्ड्यात पुरावेत. उसाची शेवटची सरी घराच्या भिंतीला भिडवू नये. घर आणि फड यांमध्ये मोकळी, उजेड असलेली जागा राखावी. दिवेलागणीनंतर लहान मुलांना अंगणात एकटे सोडू नये, कारण वाकलेले किंवा खाली बसलेले माणूस बिबट्याला लहान भक्ष्यासारखे भासते. याच कारणासाठी पहाटे किंवा रात्री उघड्यावर शौचास जाणे धोक्याचे आहे.

दोन शेळ्यांच्या धन्याने पक्का गोठा कोठून बांधावा, असा आक्षेप यावर घेतला जाईल. आक्षेप रास्त आहे. परंतु चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून रात्रीपुरता एक बंदिस्त गोठा केला तर खर्च विभागला जातो. आणि गोठ्यासाठी ज्या शासकीय योजना वेळोवेळी उपलब्ध असतात, त्यांचा लाभ प्रथम उसाला लागून असलेल्या वस्त्यांना मिळावा, असा आग्रह ग्रामसभेने धरावा. ऊसतोड कामगारांची स्थिती याहून बिकट आहे. त्यांच्या कोप्या फडाच्या काठावर, दारे-भिंतींवाचून उभ्या असतात आणि मुले तेथेच निजतात. त्यांच्या निवाऱ्याची जबाबदारी ऊस नेणाऱ्या कारखान्यांनी व फडमालकांनी उचलली पाहिजे.

सारा भार शेतकऱ्यावर टाकून चालणार नाही, हेही तितकेच खरे. वीज रात्री मिळते म्हणून शेतकरी रात्री पिकाला पाणी देण्यास जातो. जो दिवसा वीज मागतो तो केवळ सोय मागत नाही, जिवाची हमी मागतो. 2017 साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतू दिवसा वीज देणे हाच आहे; बिबट्याचा वावर असलेल्या गावांना तिच्यात अग्रक्रम असावा. नुकसानभरपाईही वेळेवर पोहोचली पाहिजे. ती लांबली की मारलेल्या शेळीवर विष टाकण्याचा मोह होतो. तसे करणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहेच, पण त्या विषाने गावची इतर जनावरेही दगावतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे काम येथेच आहे. जनावर मारले गेल्यास त्याचे शव न हलविता वन विभागास त्वरित कळवावे व पंचनामा करून घ्यावा. विभागाचा मदत क्रमांक 1926 प्रत्येक वस्तीवर लिहिलेला असावा. तोडणीत पिल्ले सापडल्यास त्यांना उचलून नेऊ नये. काम थांबवून वनकर्मचाऱ्यांस बोलवावे, कारण पिल्ले नेलेली मादी त्याच परिसरात त्यांचा शोध घेत फिरते. विहिरीत पडलेल्या किंवा घरात शिरलेल्या बिबट्याभोवती गर्दी जमू न देणे हेही त्याचेच कर्तव्य होय. पळण्याची वाट न उरलेले जनावर अंगावर येते.

परंतु या साऱ्याहून मोलाचे काम संकट येण्यापूर्वीचे आहे. तोडणीचा हंगाम सुरू होण्याआधी कार्यकर्त्याने वस्ती-वस्तीवर फिरून किती गोठे उघडे आहेत, उकिरडा कोठे आहे, ऊस कोणाच्या भिंतीला भिडला आहे, याची यादी करावी व ती ग्रामसभेपुढे ठेवावी. ऊस आहे तोवर बिबट्या शिवारात राहणार. तो वस्तीच्या दारात थांबतो की पुढे निघून जातो, हे मात्र पुष्कळ अंशी गोठ्याच्या कडीवर अवलंबून आहे.