तांबेरा, बन्सी आणि खपली

गव्हाच्या एखाद्या वाणाला 'तांबेरा प्रतिकारक' म्हटले की आपली समजूत होते, लोखंडाचा कठीणपणा जसा कायमचा, तसा त्या वाणाचा हा गुणही कायमचा. माझ्या मते ही समजूत घातक आहे. तांबेऱ्याला दाद न देणे हा एकट्या गव्हाचा गुण नव्हे. तो गहू आणि बुरशी या दोघांवर अवलंबून असतो, आणि बुरशी सतत बदलत असते.

आपल्या कळंबच्या शिवारात उन्हाळ्यात गहू उभा नसतो आणि ऊन तर भाजून काढणारे. मग खोडावरचा काळा तांबेरा दरवर्षी येतो कोठून? आग्र्याचे प्रा. करमचंद मेहता यांनी दाखवून दिले की, दक्षिणेत ही बुरशी निलगिरी व पळणीच्या थंड डोंगरांत उन्हाळा काढते आणि हिवाळ्यात वाऱ्यावर स्वार होऊन उत्तरेकडे सरकते. आता थोडे गणित करा. तांबेऱ्याचा बीजाणू स्थिर हवेत सेकंदाला सुमारे १ सेंटीमीटर या वेगाने खाली येतो. म्हणजे १ किलोमीटर उंचीवरून जमिनीवर यायला त्याला १,००,००० सेकंद, सुमारे २८ तास, लागतील. तेवढ्या वेळात सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा त्याला १,००० किलोमीटर नेईल. निलगिरी ते कळंब हे सरळ अंतर जवळजवळ तेवढेच आहे!

ज्याचा रवा, शेवया आणि कुरडया आपण आवडीने खातो तो बन्सी गहू 'ड्युरम' जातीचा. जुना म्हणून तो रोगाला दाद देत नाही, असे मात्र नाही. १९४६-४७ साली मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याची साथ आली, तेव्हा सुमारे २० लाख टन गहू बुडाला. १९५३ व १९५४ साली अमेरिकेतील ड्युरमचे निम्म्याहून अधिक पीक '१५-बी' नावाच्या तांबेऱ्याच्या एकाच वंशाने खाल्ले.

असे का होते? अमेरिकी शास्त्रज्ञ फ्लोर यांनी १९४० नंतरच्या दशकात जवसाच्या तांबेऱ्यावर प्रयोग करून याचे उत्तर दिले. पिकातील प्रत्येक प्रतिकारक जनुकाला बुरशीतील एक जनुक जोडीदार असतो. बुरशीचे ते जनुक बदलले की पिकाचा पहारेकरी शत्रूला ओळखत नाही.

बन्सीचा भाऊबंद म्हणजे आपला खपली गहू. दोघांचीही गुणसूत्रे २८. तांबेऱ्याचे वंश ओळखण्यासाठी १९२२ साली अमेरिकेत १२ गव्हांचा संच ठरवला गेला, त्यात खपलीला याच नावाने स्थान मिळाले. तिच्यातील 'एसआर-१३' हे जनुक १९९८ साली युगांडात आढळलेल्या 'यूजी-९९' या वंशालाही अडवते. पण इथिओपियात या जनुकालाही चकवणारे वंश सापडले आहेतच.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने 'एमएसीएस ४०२८' हा ड्युरम वाण महाराष्ट्र व कर्नाटकातील कोरडवाहू शेतीसाठी काढला आहे. तो खोडावरच्या आणि पानावरच्या, दोन्ही तांबेऱ्यांना तोंड देतो. असे वाण जरूर पेरावेत. पण गावभर एकच वाण पेरणे म्हणजे सर्व घरांना एकाच किल्लीचे कुलूप लावणे होय.

'खपली सडायला कष्ट, उतारा कमी; ती शेतकऱ्याने का पेरावी?' असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पोट शेतीवर असलेल्याने जुने बियाणे सांभाळण्याचा तोटा एकट्याने का सोसावा? हे काम शाळांनी उचलावे असे मला वाटते. शिक्षकांनी शाळेच्या आवारात बन्सी, खपली आणि गावात चालणारा लोकवन यांचे तीन छोटे वाफे करावेत. तुम्ही जानेवारी-फेब्रुवारीत दर आठवड्याला पाने व खोडे पाहून कोणत्या वाफ्यात तांबेऱ्याचे ठिपके केव्हा दिसले, याची वही ठेवा. हंगाम संपला की प्रत्येक वाणाचे बी वेगळे राखून पुढच्या वर्गाच्या हाती द्या. उद्या वाऱ्यावर नवा वंश आला, तर त्याला अडवणारे जनुक कोणत्या दाण्यात असेल हे आज कोणालाच सांगता येणार नाही. म्हणूनच यातला एकही दाणा नाहीसा होता कामा नये.