बोरन्हाणांतील बोल

संक्रांत जवळ आली कीं घरोघरीं बोरन्हाणाची सिद्धता सुरू होते. काळें झबलें, हलव्याचे दागिने, बोरें, चुरमुरे, उसाचे तुकडे, ही यादी आमच्या थोरल्या जाऊबाईंना तोंडपाठ आहे. रथसप्तमीपर्यंत सोयीचा दिवस धरतां येतो. परंतु जमलेल्या मुलांनीं बोलावें केव्हां आणि कोणाशीं, याचा विचार त्या यादींत कधींच नसतो.

गतवर्षीं आमच्या नातवाचें बोरन्हाण झालें. घरीं कामाला येणाऱ्या बाईंची चार वर्षांची मुलगी आईबरोबर आली होती. बोरें लुटून झाल्यावर ती आपण होऊन माझ्यापाशीं आली व म्हणाली, "आजी, बोर लई ग्वाड व्हतं." मीं चटकन् म्हटलें, "लई नव्हे बाळ, फार म्हणावं. आणि ग्वाड नव्हे, गोड." चारचौघी हंसल्या. हंसण्यांत दुष्टावा नव्हता. पण मुलगी आईच्या पदराआड गेली ती संध्याकाळपर्यंत बोलली नाहीं. ही चूक माझी. ती कबूल केल्यावांचून यंदाचा बेत सांगण्याचा मला अधिकार नाहीं.

"हो ग, गोड होतं खरं! तुला किती मिळालीं?" एवढेंच म्हणावयाचें होतें. आपलें रूप तिच्या कानीं पडलें असतें आणि बोलणेंही पुढें सरकलें असतें. तिची बोली ही तिच्या घरची भाषा आहे, बिघडलेली मराठी नव्हे. कै. ताराबाई मोडक यांनीं १९४५ मध्यें बोर्डीस बालशिक्षणाचें केंद्र काढलें. अनुताई वाघ त्याच वर्षीं त्यांना येऊन मिळाल्या. पाड्यांवरचीं मुलें शाळेपर्यंत येईनात, तेव्हां त्यांनीं शाळाच मुलांच्या अंगणांत नेली. पुढें हें काम कोसबाडास गेलें. आपणांस तर एवढेंही चालावें लागत नाहीं. मुलें आपल्याच अंगणांत यावयाचीं आहेत.

यंदा बारा मुलें येतील. 'ते गाणें म्हणून दाखव पाहूं' हा प्रकार बंद. चार-चार मुलांचे तीन घोळके, प्रत्येकांत एक वडील माणूस व एक कापडी पिशवी. पिशवींत शिंपला, मोरपीस, जुनें कुलूप, लाकडी चमचा. मुलानें हात घालून चाचपावें आणि वाटेल तें सांगावें. शब्दानें, खुणेनें, आपापल्या बोलींत. प्रश्न विचारल्यावर मनांत पांच अंक मोजून थांबावें. आम्हां वडिलांना हेंच सर्वांत जड जातें! शेजारच्या एका मुलाच्या कानाला श्रवणयंत्र आहे. त्याच्यासाठीं ध्वनिवर्धक व गाणीं नकोत, फरशीवर जाड सतरंज्या हव्यात, आणि बोलणाऱ्यानें उजेडाकडे तोंड करून त्याच्या समोर बसावें. माझ्या पुतणीचा मुलगा अडखळत बोलतो. त्याचा शब्द कोणीं पुरा करूं नये. वरच्या मजल्यावरील तेलुगु आजी आपल्या भाषेंत गोष्ट सांगणार आहेत, हातांत बाहुली घेऊन.

(फुटाणे, शेंगदाणे आणि आठळीचीं बोरें अगदीं लहानग्यांच्या हातीं पडूं देऊं नयेत, घशांत अडकतात.)

जाऊबाईंचा आक्षेप असा कीं, अशानें आपल्या मुलांची मराठी बिघडेल. मला तसें वाटत नाहीं. माझें आजोळ रत्नागिरीकडचें. तेथें मी एक बोलत असें, घरीं दुसरें, शाळेंत तिसरें. आणि पुढें शिक्षिका झालें.

आमंत्रण मात्र यंदा स्वयंपाकघरांत उभ्याउभ्या दिलें नाहीं. त्या बाईंच्या घरीं जाऊन केलें. त्या म्हणाल्या, "काकू, आणीन, पण ती बोलंल का न्हाई, ठावं न्हाई." मीं म्हटलें, "न बोलली तरी चालेल. तिला माझ्याजवळ बसूं दे." मुलगी दाराच्या फटींतून पाहात होती. मीं पिशवींतला शिंपला उंबऱ्यावर ठेवला आणि निघालें.