भिडू म्हणजे नोकर नव्हे

ब्रिज हा सभ्य लोकांचा खेळ आहे, असं म्हणण्याची पूर्वापार पद्धत आहे. ज्यांनी ती पाडली, त्यांच्या काळी मोबाइल नव्हता. आता रात्री साडेनऊनंतर कुठल्याही ऑनलाइन टेबलावर जाऊन बसा. समोरचा भिडू पोलंडचा असो, तुर्कस्तानचा असो, नाहीतर आपल्या निगडी प्राधिकरणातला असो. दुसऱ्या डावाला तो तुमची अक्कल काढतो आणि तिसऱ्या डावाला टेबल सोडून चालता होतो. माझं भांडण या माणसाशी आहे. ब्रिजशी नाही, मोबाइलशी नाही, आणि इंटरनेटशी तर मुळीच नाही. कारण इंटरनेटशी भांडायचं, तर आधी ते चालू असावं लागतं.

ज्यांचा पत्त्यांशी संबंध झब्बू, बदाम सात आणि गणपतीच्या जागरणातली मेंढीकोट एवढ्यापुरताच आला असेल, त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. ब्रिजही मेंढीकोटसारखाच चौघांत, भिडू धरून खेळतात. तेरा तेरा पानं. फरक इतकाच, की खेळण्याआधी लिलाव होतो. आपली जोडी किती हात करणार आणि हुकूम कोणता, याची बोली लागते. ज्या जोडीची बोली सर्वांत वर जाते, तिच्यातला एक जण खेळतो. दुसरा आपली पानं टेबलावर उघडी मांडतो आणि डाव संपेपर्यंत तोंड मिटून बसतो. त्याला ‘डमी’ म्हणतात. विवाहित पुरुषांना ही भूमिका समजावून सांगावी लागत नाही.

आता या बोलीत शब्द किती, तर मोजून पंधरा! एक ते सात हे आकडे. किलवर, चौकट, बदाम, इस्पिक हे चार रंग. नो ट्रम्प म्हणजे बिनहुकमी. आणि पास, डबल, रीडबल. संपली भाषा. आणि एका माणसाच्या हातात पडू शकणारे तेरा पानांचे संच किती? ६३,५०१ कोटी ३५ लाख ५९ हजार ६००. मी कॉमर्सचा पदवीधर आहे आणि बँकेत कारकून आहे, त्यामुळे आकडा दोनदा तपासला आहे. एवढ्या कोटींची उलाढाल पंधरा शब्दांत करायची, तर एकेका शब्दाला दोन दोन अर्थ चिकटणारच. म्हणून ब्रिजमध्ये भिडूंनी आधी बसून ‘ह्या बोलीचा अर्थ हा’ असं ठरवायचं असतं. उदाहरणार्थ, एक्क्याचे चार गुण, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. भिडूने ‘एक नो ट्रम्प’ म्हटलं, की बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ, ‘माझ्याकडे पंधरा ते सतरा गुण आहेत.’ त्यावर तुम्ही ‘दोन किलवर’ म्हणालात, तर तुमच्याकडे किलवर आहेत असा अर्थ होत नाही. त्याला ‘स्टेमन’ म्हणतात, आणि त्याचा अर्थ, ‘बाबा रे, तुझ्याकडे बदामाची किंवा इस्पिकची चार पानं आहेत का?’ आमच्या काउंटरवर ‘उद्या चौकशी करा’ याचा अर्थ जसा ‘उद्या या’ असा होत नाही, तसंच हे.

ठरवण्याची ही गोष्ट ऑनलाइन कशी होते, ते पाहा. टेबलावर बसताच मी विचारतो, ‘सिस्टिम?’ उत्तर येतं, ‘स्टँडर्ड’. हॉटेलवाल्याने बाहेर ‘घरगुती जेवण’ अशी पाटी लावावी, त्यातला हा प्रकार. कुणाच्या घरचं, ते पोटात गेल्यावर कळतं. मग मी दोन किलवर म्हणतो, स्टँडर्ड गृहस्थ पास म्हणतात, आणि हातात किलवरची अर्धी मुर्धी पानं घेऊन डाव किलवरमध्ये खेळला जातो. डाव बुडाला, की गृहस्थांना कंठ फुटतो. ‘आर यू मॅड?’ पंधरा शब्दांची भाषा ठरवायला ज्यांच्याकडे अर्धा मिनिट नव्हता, त्यांच्याकडे आता शिव्यांचा पूर्ण शब्दकोश असतो.

माझा पहिला मुद्दा हा, की बोलीविषयी प्रश्न डावाआधी विचारला तर ती रीत होते. डाव बुडाल्यावर विचारला तर तो प्रश्न नसतो, तो पंचनामा असतो. चार नो ट्रम्प म्हणून भिडूचे एक्के विचारण्याची पद्धत ईझ्ली ब्लॅकवूड नावाच्या अमेरिकेतल्या एका विमा कंपनीतल्या माणसाने बसवली. हा विमा कंपनीचा माणूस शोभतो. नुकसान होण्याआधी चौकशी करावी, हे त्याला पोटापाण्यापायी ठाऊक होतं.

‘मग समोरासमोर बसून खेळा की! ऑनलाइनच्या नादी लागलात कशाला?’ असं आमच्या गृहलक्ष्मीसकट बरेच जण विचारतात. त्यांनी आमच्या पिंपरी-चिंचवडचा विचार करावा. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढे मोटारींचे आणि स्कूटरचे कारखाने आले. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली, आणि मग कारखाने पसरत पसरत चाकणला जाऊन पोचले. हे गाव भोंग्यावर उठलं आणि भोंग्यावर झोपलं. ब्रिजला चार माणसं लागतात, आणि इथे तर पाळ्याच तीन! आमच्या चौकडीतला एक चाकणला पहिल्या पाळीला, एक तिसऱ्या पाळीला. एकाची जनरल शिफ्ट, म्हणजे तो संध्याकाळी तळेगाव चौकात कंपनीच्या बसमध्ये अडकलेला. आणि चौथा मी, दिवसअखेरचा हिशेब जुळेपर्यंत शाखेत. ही चार माणसं एका टेबलाभोवती आणायला ग्रहयोग लागतो. मोबाइलवर मात्र ती येतात. बसमधला माणूस मोशी येईपर्यंत दोन डाव खेळतो. २०२० साली महामारीत सगळी दारं बंद झाली, तेव्हा जगभरचे क्लब याच पडद्यावर जगले. तेव्हा पडद्याला मी नावं ठेवणार नाही.

या पडद्यावाचून ज्यांचं खरोखरच अडतं, अशांपैकी एक आमच्याच इमारतीत राहतात. कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, वय शहात्तर. काकू गेल्या. तीस वर्षांच्या ब्रिजच्या चौकडीतला एक वारला, एक मुलाकडे कॅनडात गेला, आणि तिसऱ्याचे गुडघे त्याला लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरू देत नाहीत. नातवाने टॅबवर ब्रिज लावून दिला, तेव्हा काका आठ दिवस नव्या नवरदेवासारखे हिंडत होते. प्रत्येक नव्या भिडूला एका बोटाने टाइप करून म्हणायचे, ‘नमस्ते पार्टनर, फ्रॉम चिंचवड, इंडिया’. एवढं टाइप होईपर्यंत पलीकडे दोन बोली होऊन जायच्या. एका रात्री कुणा सद्‌गृहस्थाने त्यांना लिहिलं, ‘झोपलायस की मेलायस?’ आणि ते उत्तर टाइप करत असतानाच त्यांना टेबलावरून काढून टाकलं. तशी सोय असते. टेबल ज्याने मांडलं, त्याने एक बटण दाबलं की समोरचा माणूस नाहीसा होतो.

काकांनी टॅब कपाटात ठेवून दिला. मी विचारलं, तर म्हणाले, ‘‘अहो, डाव बुडाल्याचं काही नाही हो. पण चाळीस वर्षं शॉपफ्लोअरवर काढली, तिथे हेल्परलासुद्धा कुणी असं मशीनवरून उठवलं नाही.’’

यावर आमच्या शाखेतले रोखपाल म्हणाले, ‘‘एवढं मनाला काय लावून घ्यायचं? ऑनलाइन आहे. समोर कोण आहे, कुणाला ठाऊक!’’ मला हेच वाक्य छळतं. समोर कोण आहे हे ठाऊक नाही, म्हणून तर जपून बोलायचं! मी बावीस वर्षं काचेच्या पलीकडच्या माणसांशी बोलतो आहे. काचेपलीकडे कोण उभा आहे, हे मलाही ठाऊक नसतं. म्हणून मी त्याला ‘मेलास का’ असं विचारत नाही. हयातीचा दाखला मागतानासुद्धा विचारत नाही. शिवाय पाहा, रोखपाल साहेब भाजीवाल्याशी बोलताना ‘अहो मामा’ म्हणतात. त्याचंही नाव त्यांना ठाऊक नाही.

दुसरा बचाव असा, की ‘चांगला खेळाडू कडकच असतो’. हा बचाव सहसा वाईट खेळाडू करतात. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धांत ब्रिज पहिल्यांदा आला आणि पुरुषांच्या जोडीत भारताला सुवर्णपदक मिळालं. प्रणव बर्धन तेव्हा साठ वर्षांचे, शिवनाथ सरकार छप्पन्न वर्षांचे. त्याच स्पर्धेत मिश्र संघाला कांस्यपदक मिळालं, त्यात मुंबईच्या हेमा देवरा होत्या. जोडीचं पदक जोडीला मिळतं. दर तिसऱ्या डावाला भिडू बदलून ते मिळालं असतं, असं मला वाटत नाही. भिडू बदलणाऱ्याला नवा भिडू मिळतो, नवा खेळ मिळत नाही.

तिसरा प्रकार संशयाचा. तुम्ही अर्धा मिनिट थांबलात, की पलीकडून खोचक प्रश्न येतो, ‘कुणाला विचारतोयस?’ टेबलावर भिडू विचारात पडला, तर त्यावरून त्याचा हात ओळखून खेळणं नियमात बसत नाही. आणि पडद्यावर तर थांबण्याचं कारणही कळत नाही. माणूस विचार करत असेल, नेट गेलं असेल, किंवा कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून गॅस बंद करायला उठला असेल. लबाडी होतच नाही, असं मी म्हणत नाही. सामने पडद्यावर गेल्यावर २०२० साली जगातल्या काही नामवंतांनीच चोरून इतरांची पानं पाहिल्याची कबुली दिली. पण त्याआधी २०१५ साली समोरासमोर बसून खेळणाऱ्या नामांकित जोड्यांवरही खुणा केल्याचे आरोप झाले होते आणि काहींवर बंदीही आली. लबाडाला पडदा लागत नाही, आणि सज्जन पडद्यामुळे लबाड होत नाही.

उलट या बाबतीत ब्रिजसारखा उघडा खेळ दुसरा नाही. मेंढीकोटमध्ये भिडूला डोळा मारणं ही कला समजली जाते. ब्रिजमध्ये भिडूशी ठरलेली प्रत्येक गोष्ट प्रतिस्पर्ध्याला विचारण्याचा हक्क असतो. बोलीचा अर्थ नेहमीपेक्षा वेगळा असेल, तर टेबलावर भिडू तसा इशारा देतो. ऑनलाइन ही जबाबदारी बोली लावणाऱ्याचीच. आपल्या बोलीचा अर्थ आपणच लिहायचा, तो प्रतिस्पर्ध्यांना दिसतो आणि भिडूला दिसत नाही. इतकी सुरेख सोय कुठल्याही टेबलावर नव्हती. पण अर्थ विचारला, की आमचे स्टँडर्ड गृहस्थ उत्तर देतात, ‘नॅचरल’. कधी कधी उत्तरच देत नाहीत. मग त्यांच्या लेखी सभ्यता म्हणजे काय, तर कधीमधी ‘टी-वाय-पी’ अशी तीन अक्षरं टाकणं. थँक यू पार्टनरचा हा गाळीव अर्क. तोही बरेच जण वाचवतात.

आमचे मेहुणे म्हणतात, ‘मोबाइलवर पत्ते म्हणजे सगळं सारखंच.’ ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा त्यांनी मला मोठ्या आशेने फोन केला होता. मी त्यांना समजावलं, की आम्ही पैशांनी खेळत नाही, आमचा खेळ चालूच आहे. पण फोन ठेवल्यावर मनात आलं, की तिथे माणूस पैसा घालवतो आणि इथे आम्ही माणूसच घालवतो आहोत. याला मात्र कायदा पुरणार नाही. ब्रिजच्या नियमावलीत, चौऱ्याहत्तराव्या नियमात, खेळाडूने सदैव सौजन्याने वागावं असं स्पष्ट लिहिलेलं आहेच. वाचतो कोण?

म्हणून माझ्या मागण्या थोडक्यात मांडतो. टेबलावर आल्यावर नमस्कार करा आणि चार बोलींचे अर्थ ठरवून घ्या. बोट चुकून भलत्या पानावर पडलं असेल, तर प्रतिस्पर्ध्याला ते पान परत घेऊ द्या. विचार बदलला असेल, तर देऊ नका. जायचं असेल तर हातातला डाव संपवून, सांगून जा; पंगतीतून कुणी ताटावरून उठून जात नाही. भिडूला काही शिकवायचंच असेल, तर त्याने विचारल्यावर शिकवा. आणि एका बोटाने टाइप करणाऱ्या माणसासाठी दहा सेकंद थांबा. आमच्या रविवारच्या टेबलावर आता चौथी जागा फोरमनकाकांची आहे. ते सावकाश खेळतात. आम्ही चहा पितो.

शेवटची मागणी सर्वांत जुनी आहे. डमीची पानं टेबलावर आली, की ती कितीही भिकार असली तरी खेळणाऱ्याने ‘थँक यू, पार्टनर’ म्हणायचं, ही ब्रिजची रीत आहे. पुरं म्हणा, अक्षरं वाचवू नका. पानं भिडूने छापलेली नसतात आणि वाटलेलीही नसतात. ऑनलाइन वाटणारा संगणक असतो. शिव्या द्यायच्याच असतील तर त्याला द्या. त्याला तुमच्याबरोबर पुन्हा खेळायला बसायचं नाही.