पितळी पट्टी आणि घासलेली काच

नोकरीनिमित्त परप्रांती राहणाऱ्या आपल्या मंडळींत वेधशाळेचा विषय निघाला की दोन मते हटकून ऐकू येतात. कोडाईकनालची सहल करून आलेले एक गृहस्थ तेथील जुन्या यंत्रांवरील कारखानदाराच्या नावाची पितळी पट्टी आठवतात आणि ‘असे काम आता होणे नाही’ म्हणून उसासा टाकतात. दुसरे गृहस्थ, बहुधा अधिक वरच्या हुद्द्यावरचे, निर्णय देतात की काचेचे काम आपल्या लोकांचे नव्हे, ते परदेशातूनच यावे. आम्हांस ही दोन्ही मते अमान्य आहेत. पहिले इतिहासाच्या अज्ञानातून आले आहे. दुसरे त्याहून घातक आहे, कारण ते पुढे सरकारी कागदावर उतरते.

प्रथम जुन्या नावाचा महिमा पाहू. डब्लिनचा ग्रब कारखाना १८३३ साली निघाला. त्याने मेलबर्नसाठी केलेली ४८ इंची दुर्बीण १८६९ मध्ये तेथे उभी राहिली. तिचा आरसा धातूचा होता. तो काळवंडला की पुन्हा घासावा लागे, आणि घासताना त्याचा नेमका आकार सांभाळणे हे मूळ कारागिराइतकेच कौशल्याचे काम होते. ते कौशल्य हजारो मैल दूर राहिल्याने त्या महायंत्राकडून धरलेल्या आशा फारशा फळास आल्या नाहीत. हाच कारखाना १९२५ साली पार्सन्स यांच्या हाती जाऊन न्यूकॅसल येथे नव्याने उभा राहिला. १९७४ साली उद्घाटन झालेल्या अँग्लो-ऑस्ट्रेलियन दुर्बिणीचा ३.९ मीटरचा आरसा त्याने असा घासला की जाणकारांनी त्याची वाहवा केली. हवाई बेटावरील ३.८ मीटरच्या दुर्बिणीचा आरसा अवरक्त किरणांपुरता, म्हणजे काहीसा ढोबळ, मागितला होता. कारागिरांनी तो दृश्य प्रकाशासही पुरेल इतका नेटका करून दिला. तेव्हा ‘जुने तेच चोख’ या समजुतीस आधार कोठे आहे? एकाच घराण्याचे उत्तरवयातील काम पूर्ववयातील कामाहून सरस ठरले.

हे कशाने घडले? चांगल्या आरशाचा पृष्ठभाग ठरल्या आकारापासून प्रकाशाच्या तरंगलांबीच्या अष्टमांशाहून अधिक ढळता कामा नये. हिरव्या प्रकाशाचा हिशेब धरला तर हे माप मिलिमीटरच्या सुमारे १४ हजाराव्या भागाइतके होते. इतका सूक्ष्म दोष नुसत्या डोळ्यास कळत नाही. १८५८ च्या सुमारास फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने एक दिवा आणि पात्याची धार एवढ्यावर तो उघड करण्याची युक्ती काढली, आणि पुढे परीक्षेची साधने सुधारतच गेली. परीक्षा कडक होत गेली, एकामागून एक मोठे काम येत गेले, आणि एका हाताने दुसऱ्या हातास शिकवले. गुणवत्ता वाढली ती या तीन कारणांनी. कामे आटली तेव्हा १९८५ साली तो नामांकित कारखानाही बंद पडला. त्याची अखेरची ४.२ मीटरची दुर्बीण कामास लागली ती त्यानंतर दोन वर्षांनी.

आता आपल्या मुक्कामाच्या प्रांताकडे वळू. चेन्नईच्या नुंगमबाक्कम भागात हवामान खात्याच्या आवारात १७९२ च्या मद्रास वेधशाळेचा दगडी स्तंभ अद्याप उभा आहे. याच वेधशाळेतून पॉगसन याने १८६१ साली ‘एशिया’ हा लघुग्रह शोधला, आणि तिच्याच सेवेतील चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये एक रूपविकारी तारा ओळखला. वेध घेणारे डोळे येथे तयार झाले. यंत्रे मात्र जहाजातूनच येत राहिली. पुण्याचीही कथा निराळी नाही. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून प्रा. कावसजी नायगमवाला यांनी १८८८ साली उभारलेल्या वेधशाळेत पुढे ग्रबची २० इंची दुर्बीण होती. १९१२ मध्ये ती वेधशाळा बंद झाली आणि आपल्यापैकी अनेकांप्रमाणे त्या दुर्बिणीचीही दक्षिणेस, कोडाईकनालला, बदली झाली.

ही परंपरा मोडली वेणू बाप्पू यांनी. १९६८ साली जवादी डोंगरातील कावलूर येथे त्यांनी वेध सुरू केले ते कोडाईकनालच्या कार्यशाळेत तयार झालेल्या ३८ सेंटिमीटरच्या दुर्बिणीने. पुढे ७५ सेंटिमीटरची झाली, आणि अखेर २.३४ मीटरची. या शेवटच्या दुर्बिणीची काच बाहेरून आणली, पण ती घासली बंगळूरला, जयराजन यांच्या देखरेखीखाली. आणि तिची अवजड बैठक घडली आपल्या पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात. १९८६ च्या जानेवारीत ती राष्ट्रास अर्पण झाली. बाप्पू मात्र १९८२ सालीच निवर्तले होते. काचेचे काम आपल्या लोकांचे नव्हे असे म्हणणाऱ्यांनी एकदा कावलूरचा घाट चढून यावे.

आणि त्यानंतर काय झाले? पायरीवर पायरी चढलेल्या त्या हातांस पुढची पायरी मिळाली नाही. हानले येथील २ मीटरची दुर्बीण अमेरिकेतून आली. २००६ साली जुन्नरजवळ गिरवली येथे २ मीटरचीच दुर्बीण बसली, ती इंग्लंडहून. वालचंदनगर त्याच जिल्ह्यात असूनही! देवस्थळची ३.६ मीटरची दुर्बीण २०१६ मध्ये बेल्जियमच्या कंपनीने दिली. ही यंत्रे उत्तम आहेत, त्यांवर चाललेले संशोधनही मोलाचे आहे, आणि त्या त्या वेळी घाईची व खात्रीची कारणे असतीलही. परंतु २.३४ मीटरपर्यंत पोहोचलेल्या कारागिरास पुढले काम न देता त्याच्याकडे अनुभव नाही असे म्हणणे, हा कोणता न्याय? तीस मीटरच्या नियोजित दुर्बिणीच्या आरशाचे तुकडे घासण्यासाठी होसकोटे येथे सिद्धता झाली, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि परक्याच्या मोठ्या कामातील वाटा आणि स्वतःची दुर्बीण आरंभापासून अखेरपर्यंत सिद्ध करणे यांत अंतर आहे.

आम्ही हे या मासिकात लिहितो याचे कारण वाचकांतच आहे. निविदेच्या अटी लिहिणारे, त्यांवर शेरा मारणारे आणि सही करणारे आपल्यात थोडे नाहीत. ‘पूर्वी एवढेच मोठे काम केलेले असावे’ ही अट लिहिताना लेखणी क्षणभर थांबवावी. जो कारखाना पहिले मोठे काम करतो त्याच्यापाशी तसा दाखला कोठून असणार? त्याऐवजी परीक्षेची अट कडक ठेवावी, आरसा तपासून घ्यावा, सदोष निघाल्यास निःसंकोच परत करावा. पण काम द्यावे. मेलबर्नच्या अपयशानंतर ग्रबला कोणी कामच दिले नसते, तर ज्या पितळी पट्टीपुढे आपण आज हात जोडतो ती कोरलीच गेली नसती.